बिस्क्विक साधं घ्यावं की कमी फॅटवालं? गुलाबजाम आणि रविवारचे पॅनकेक

शार्लटची_नवखी:

नमस्कार मंडळी, जरा मदत हवीये. आमच्या इथल्या मंडळाचा दिवाळी पॉटलक आहे आणि गुलाबजाम माझ्याकडे आलेत, साठ-सत्तर माणसं येणार म्हणजे शंभर-सव्वाशे तरी करायला लागतील. नाशिकला असताना कायम खव्याचे केलेत पण इथला फ्रोजन खवा मला भरवशाचा वाटत नाही, आणि इथे ज्यांना ज्यांना विचारलं त्या सगळ्याजणी एकच सांगतात, मिल्क पावडर आणि बिस्क्विक (इथलं तयार बेकिंग मिक्स). म्हणून दुकानात गेले तर तिथे दोन डबे, एक साधं ओरिजिनल आणि एक हार्ट स्मार्ट, म्हणजे कमी फॅटवालं. दोन्ही घेऊन आलेय, अजून एकही फोडलेला नाही.

खरी गोष्ट अशी की सासरे आमच्याकडे असतात, त्यांची अँजिओप्लास्टी झालेली आहे, बीपीची गोळी चालू आहे आणि डॉक्टरांनी फॅट कमी करा म्हणून बजावलंय. त्यांना गुलाबजाम जीव की प्राण. मी जर हार्ट स्मार्ट वापरलं, मिल्क पावडर नॉनफॅट घेतली आणि भिजवायला क्रीमऐवजी २ टक्केवालं दूध घेतलं तर त्यांना निदान दोन तरी निवांत देता येतील असं डोक्यात आहे. जमतील का असे? का दगड होतील? आणि दुसरं म्हणजे दर रविवारी नवरा मुलांसाठी पॅनकेक करतो, सासरेही आवडीने खातात, तिथे कुठलं वापरावं? दोन्ही वापरून बघितलेल्यांनी प्लीज सांगा, की हे सगळं सोडून घरीच मैद्यात काहीतरी मिसळून करावं?

एडिसनची_मावशी:

अगं, आधी तो हार्ट स्मार्टचा डबा बाजूला ठेव, पॉटलकच्या गुलाबजामला साधंच वापर. कारण सांगते. बिस्क्विक म्हणजे काय, तर मोहन घातलेला मैदा, त्यात बेकिंग पावडर आणि मीठ. आपण शंकरपाळ्याच्या मैद्याला मोहन चोळून घेतो तेच काम कंपनीने आधीच करून ठेवलंय. कमी फॅटवाल्यात ते मोहनच कमी असतं. आता तू म्हणतेस तसं केलंस तर मिक्समधलं मोहन कमी, मिल्क पावडरीत फॅट शून्य आणि वर दूधही पातळ, म्हणजे तिन्हीकडून कोरडं. गोळा बाहेरून तपकिरी दिसेल छान, पण आत पाक शिरणार नाही आणि मधे गाठ राहील, चमच्याने कापताना कळतं ती. तिन्हीपैकी एका ठिकाणी कमी केलंस तर चालून जातं, तिन्हीकडे नाही.

माझं वर्षानुवर्षांचं प्रमाण देते. २ कप नॉनफॅट मिल्क पावडर, १ कप साधं बिस्क्विक, वेलची, आणि भिजवायला हेवी व्हिपिंग क्रीम पाऊण ते एक कप, पण सगळं एकदम ओतायचं नाही. इथली इन्स्टंट मिल्क पावडर दाणेदार असते ना, ती आधी मिक्सरमधून फिरवून चाळून घे, नाहीतर ते दाणे गोळ्यात तसेच राहतात आणि तळताना तिथेच भेग पडते. क्रीम चमच्याचमच्याने घालत जा आणि हाताने फक्त गोळा करत जा, पोळीच्या कणकेसारखं तिंबायचं नाही अजिबात. पीठ बोटाला किंचित चिकटतंय असं वाटलं की थांब. ओल्या फडक्याखाली दहा मिनिटं ठेवलं की मिल्क पावडर ओलावा शोषून घेते आणि चिकटपणा जातो. आधीच घट्ट भिजवलंस तर दहा मिनिटांनी त्याचा भुगा होतो आणि मग कितीही दूध लाव, गोळा गुळगुळीत वळत नाही. यात ४० होतात लहान आकाराचे. लहानच वळ, सुपारीपेक्षा थोडे मोठे, तेलात आणि पाकात मिळून दुप्पट होतात. शंभर-सव्वाशेसाठी एकदम सगळं भिजवू नकोस, तीन वेळा भिजव, कारण बेकिंग पावडर ओली झाली की तिचं काम सुरू होतं आणि तासभर ठेवलेल्या पिठाचे गुलाबजाम पहिल्यासारखे फुलत नाहीत.

तळताना तेल मंद. थर्मामीटर असेल तर ३०० फॅरनहाइटच्या आसपास, नसेल तर एक गोळा टाकून बघ, तो तळाशी बसला पाहिजे आणि मग सावकाश आपला आपण वर आला पाहिजे. टाकल्या टाकल्या वर आला तर तेल जास्त तापलंय, गॅस बंद करून थांब. वर आले की झाऱ्याने तेल हलवत राहायचं, गोळ्यांना झारा लावायचा नाही, ते आपोआप फिरतात आणि सगळीकडून एकसारखा रंग येतो. पाक ३ कप साखरेला अडीच कप पाणी, तार येऊ द्यायची नाही, बोटाला चिकट लागला की बास. गुलाबजाम टाकताना पाक गरम हवा पण उकळता नको. ताटाभर गुलाबजाम करायच्या आधी प्रत्येक वेळी एक तळून पाकात टाकून पाच मिनिटांनी कापून बघायचा. मी अजूनही बघते.

आम्ही आलो तेव्हा खवा मिळायचाच नाही, देशी दुकानाला जायचं तर अर्धा दिवस मोडायचा, म्हणून ही रेसिपी फोनवरून एकीकडून दुसरीकडे गेली आणि सगळ्या अमेरिकेत पसरली. कुणी रिकोटा चीजचे करायचं, कुणी ब्रेडचे, पण टिकली ती हीच. ती ओरिजिनलवर बसलेली रेसिपी आहे गं, तिला उगाच हात लावू नकोस.

बे_एरिया_गृहिणी:

मावशींना विरोध म्हणून नाही पण मी कायम हार्ट स्मार्टच वापरते आणि आजवर कुणालाही कळलेलं नाही. घरात तोच डबा असतो म्हणून. फक्त क्रीम पूर्ण घालते आणि पिठात एक चमचा पातळ तूप सोडते. तुपाने वासही येतो खव्याच्या जवळपास जाणारा.

हिशेबी_माणूस:

बे एरिया ताई, तुमचे छान होतात त्याचं कारण तुमच्याच पोस्टमधे आहे, क्रीम आणि तूप. पण मग कमी फॅटचा डबा घेऊन मिळवलं काय, तेवढा हिशेब करून बघू, कारण मूळ प्रश्न सासऱ्यांच्या तब्येतीचा आहे आणि तो मला महत्त्वाचा वाटतो.

डब्यावर एक सर्व्हिंग १/३ कप म्हणजे ४० ग्रॅम धरलेलं असतं. साध्यात आणि हार्ट स्मार्टमधे एका सर्व्हिंगमागे फॅटचा फरक फार फार तर २ ग्रॅमचा धरा. छापील आकडे कंपनी अधूनमधून बदलते, म्हणून तुमच्या हातातल्या दोन डब्यांवरचेच बघा, पण त्याच्या आसपासच निघेल. म्हणजे १ कप मिक्समागे वाचले ६ ग्रॅम. मावशींच्या प्रमाणात त्याचे ४० गुलाबजाम होतात. एका गुलाबजाममागे वाचलं ०.१५ ग्रॅम फॅट, म्हणजे दीड कॅलरीसुद्धा नाही.

आता दुसरी बाजू. अमेरिकेत हेवी क्रीम म्हणायला किमान ३६ टक्के फॅट लागते, त्यामुळे एका टेबलस्पूनमधे ५ ग्रॅमच्या वर फॅट असते. म्हणजे पीठ भिजवताना एक टेबलस्पून क्रीम जास्त पडलं की डबा बदलून वाचवलेलं जवळजवळ सगळं परत आलं. पाऊण कप क्रीममधे तर साठ ग्रॅमच्या वर जाते. शिवाय तळणाचं तेल आहे, आणि ३ कप साखर म्हणजे ६०० ग्रॅम, चोवीसशे कॅलरी नुसत्या पाकात, सगळा पाक पोटात जात नाही हे मान्य पण बराच जातो. मिक्सचा डबा या सगळ्यात कुठेच नाही. क्रीमऐवजी हाफ अँड हाफ (अर्धं दूध, अर्धं क्रीम) घेतलंत तर खरा फरक पडेल कारण त्यात फॅट साडेदहा ते अठरा टक्केच असते, आणि गुलाबजाम दगडही होणार नाहीत.

पॅनकेकची गोष्ट वेगळी आहे. तिथे मिक्स हाच मुख्य पदार्थ, तळण नाही, आणि दर रविवारी होतात. तिथे डबा बदलण्याला थोडा तरी अर्थ आहे. पण तिथेही मी आधी फॅटची ओळ नाही बघणार, सोडियमची बघेन. बेकिंग मिक्समधे मीठ असतं आणि खायचा सोडा असतो, दोन्हीतून सोडियम येतं, साध्या मिक्समधे सर्व्हिंगला ४०० मिलिग्रॅमच्या आसपास. तीन-चार पॅनकेक खाल्ले की ५०० च्या वर गेलं. अमेरिकन हार्ट असोसिएशन दिवसाला जास्तीत जास्त २३०० मिलिग्रॅम सांगते आणि बीपीवाल्यांसाठी शक्यतो १५०० च्या आत. म्हणजे सकाळच्या नाश्त्यालाच तिसरा हिस्सा संपला आणि चव तर गोड लागते, त्यामुळे मीठ पोटात गेलंय हे त्यांच्या लक्षातही येत नाही. डब्यावर हृदयाचं चित्र असलं तरी पाठीमागची ही ओळ वाचायचीच.

आणखी एक, कुणी गोंधळ करू नये म्हणून. रिड्यूस्ड फॅट या शब्दांना इथे कायद्याने अर्थ आहे, त्याच प्रकारच्या नेहमीच्या पदार्थापेक्षा फॅट किमान २५ टक्के कमी हवी, एवढाच. लो फॅट वेगळं, ते सर्व्हिंगला ३ ग्रॅम किंवा कमी. फॅट फ्री म्हणजे अर्ध्या ग्रॅमच्या आत. हार्ट स्मार्टच्या आधी कंपनीचा रिड्यूस्ड फॅट नावाचाच डबा यायचा, जुन्या रेसिपींमधे अजून तोच उल्लेख सापडतो.

कोथरूडची_आत्या:

मी पुण्यात असते पण मुलाकडे येणं-जाणं असतं म्हणून लिहिते. सूनबाईकडे बिस्क्विकचे करून बघितलेत. मऊ होतात, फुलतात, पण खव्याची चव ती खव्याची. एवढ्या माणसांचं करायचंय तर मी म्हणेन की इंडियन स्टोअरमधून आपलं तयार गुलाबजाम मिक्स आण, चितळ्यांचं, गिट्सचं, एमटीआरचं, जे मिळेल ते. त्यात दूध पावडर, मैदा, स्निग्ध पदार्थ सगळं मापात असतं, पाकिटावर सांगितलंय तेवढंच पाणी किंवा दूध घालायचं.

आणि सासऱ्यांचं म्हणशील तर त्यांच्यासाठी वेगळे बेचव करून दोन देण्यापेक्षा सगळ्यांमधलाच एक दे, पाक निथळून, वाटीत पाक न वाढता. पंगतीत आपल्याला वेगळं वाढलंय हे म्हाताऱ्या माणसाला फार लागतं बाई. आमच्या घरी हे बघितलंय मी. एक चांगला गुलाबजाम खाल्ला की माणूस समाधानी असतो, दोन कोरडे खाल्ले की तिसरा मागतो.

शार्लटची_नवखी:

सगळ्यांना खूप खूप धन्यवाद, एवढ्या तपशिलात कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. हिशेबी दादा, तो ०.१५ ग्रॅमचा आकडा नवऱ्याला वाचून दाखवला, तो म्हणाला मग दोन डबे का आणलेस. आत्या, तुमचं पंगतीचं अगदी पटलं, सासऱ्यांना वेगळं काही करणार नाही.

अजून दोन-तीन प्रश्न. एक, तळण टाळायचं म्हणून अप्पेपात्रात केले तर होतील का? दोन, यात लार्ड म्हणजे डुकराची चरबी वगैरे नाही ना, मंडळात बरेच जण कडक शाकाहारी आहेत आणि मला कुणाला फसवायचं नाहीये. तीन, ओरिजिनलमधे ट्रान्स फॅट असते असं एका जुन्या ब्लॉगवर वाचलं, मग सगळ्यांनाच कशी वाढू? आणि हार्ट स्मार्टच्या डब्याचं आता करू काय, पॅनकेक सोडून?

डॅलसचा_बेकर:

मी घरून बेकिंगच्या ऑर्डरी घेतो, मिक्सवर नाही करत, पण दोन्ही प्रकार भरपूर वापरलेत म्हणून शेवटून सुरुवात करतो.

ट्रान्स फॅटचं आधी. ते ब्लॉग जुने आहेत. पूर्वी साध्या मिक्समधे अर्धवट हायड्रोजनेटेड तेल असायचं, आपल्याकडच्या वनस्पती तुपाच्या जातीचं. इथल्या अन्न-औषध खात्याने, एफडीएने, २०१५ मधे ते सुरक्षित मानायचं नाही असं ठरवलं आणि २०१८ पासून अमेरिकेत अन्नात घालणं बंद केलं. भारतातही अन्नसुरक्षा प्राधिकरणाने (एफएसएसएआय) २०२२ पासून तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा घातलीये. आता साध्या डब्याच्या घटकांत पाम तेल दिसतं आणि हार्ट स्मार्टमधे कॅनोला. खरा फरक इथे आहे, किती ग्रॅम यापेक्षा कुठली. पाम तेल घट्ट असतं आणि त्यात सॅच्युरेटेड फॅट जास्त, कॅनोला पातळ आणि सॅच्युरेटेड फारच कमी. हृदयाच्या दृष्टीने कॅनोला बरं. पदार्थाच्या दृष्टीने घट्ट बरं, आणि भांडण सगळं तिथेच आहे.

घट्ट फॅटचे बारीक कण पिठात वेगवेगळे राहतात, ओव्हनमधे ते वितळतात आणि तिथे पदर सुटतो. पातळ तेल पिठात सगळीकडे मुरून जातं, पदार्थ मऊ होतो पण पदर नाही सुटत. आणि फॅट एकूणच कमी असेल तर मैद्यातलं ग्लुटेन मोकळं राहतं, जरा जास्त ढवळलं की चिवट. म्हणून अमेरिकन बिस्किटं (आपली चहाची नव्हे, पदर सुटलेल्या मऊ पावासारखी), स्ट्रॉबेरी शॉर्टकेकचा खालचा भाग, कुणी बिस्क्विकची बालुशाही करतं ती, हे सगळं साध्या मिक्सचं. बालुशाही तर कमी मोहनाची होऊच शकत नाही, तिथे साध्या मिक्सलाही वरून तूप लागतं.

हार्ट स्मार्ट जिथे पीठ पातळ असतं तिथे छान चालतं. पॅनकेकमधे डोळे मिटून वापरा. दूध थोडं जास्त लागतं, घट्ट वाटलं की दोन चमचे वाढवा, आणि गुठळ्या पूर्ण मोडायच्या मागे लागू नका, रवाळ राहिलं तरी चालतं, पाच मिनिटं ठेवलं की आपोआप मुरतं. मी अर्धं दूध आणि अर्धं ताक घालतो, आंबटपणाने सोडा जोरात काम करतो आणि फॅट कमी असल्याचं जाणवतच नाही. एक पिकलेलं केळं कुस्करून घातलं तर आणखी मऊ. वॉफलला मात्र कमी फॅटवालं घेतलं तर साच्याला चिकटतं आणि कुरकुरीत होत नाही, पिठात चमचाभर तेल घालावंच लागतं, म्हणजे पुन्हा तेच.

डब्यावर इम्पॉसिबल पायची रेसिपी असते ना, अर्धा कप मिक्स, कपभर दूध, दोन अंडी आणि खाली भाजी-चीज, ती आमच्याकडे कोबी, मटार, हिरवी मिरची घालून होते आणि तिथे हार्ट स्मार्ट आणि साधं यात मला स्वतःला काही फरक लागला नाही. अंडं खात असाल तर करून बघा. आणि थंडीत डंपलिंग, २ कप मिक्सला २/३ कप दूध, हार्ट स्मार्ट असेल तर किंचित जास्त, चमच्याने उकळत्या टोमॅटो सूपमधे किंवा चिकनच्या पातळ रश्श्यात सोडायचे, दहा मिनिटं उघडं, दहा मिनिटं झाकून. वरणफळांसारखे लागतात पण हलके, आणि कमी फॅटवाल्याचेही जाळीदार होतात कारण वाफेवर शिजतात. रश्श्यात मीठ कमी घाला, मिक्समधे आहेच.

लार्डचं. बिस्क्विकमधे नाही, वनस्पतिजन्य तेल असतं. पण गंमत बघा, ही कल्पना निघाली लार्डमधूनच. १९३० मधे जनरल मिल्सचा कार्ल स्मिथ नावाचा विक्री अधिकारी ट्रेनने चालला होता, रात्री उशिरा डायनिंग कारमधे त्याला ताजी गरम बिस्किटं मिळाली, इतक्या लवकर कशी केली विचारलं तर तिथल्या शेफने दाखवलं की पीठ, लार्ड, बेकिंग पावडर आणि मीठ आधीच एकत्र करून बर्फाच्या पेटीत ठेवलेलं असतं. त्यावरून १९३१ मधे बिस्क्विक दुकानात आलं आणि सगळी मेहनत यावर झाली की फॅट खवट न होता डब्यात बर्फाशिवाय टिकली पाहिजे. म्हणजे या मिक्समधे कुठली फॅट घालायची हा प्रश्न पहिल्या दिवसापासूनचा आहे, आपण आज उकरलेला नाही. दुसऱ्या कंपन्यांचं काही घेतलंत, विशेषतः मक्याच्या मफिनचं, तर घटक वाचूनच घ्या, तिथे लार्ड असायचं.

अप्पेपात्रात होतात, पण ते गुलाबजाम नसतात. तुपावर मंद फिरवून फिरवून केले तर रंग येतो, फुलतात थोडे, पण एक बाजू चपटी राहते आणि पाक सगळीकडून सारखा शिरत नाही. घरच्यासाठी ठीक, पॉटलकला नको.

आणि घरी मिक्स करायचं असेल तर फार सोपं आहे, प्रत्येक कप मैद्याला दीड टीस्पून बेकिंग पावडर, पाव ते अर्धा टीस्पून मीठ आणि एक टेबलस्पून फॅट. पॅनकेकला तेल चोळा, बिस्किटं करायची असतील तर थंड बटर, बोटांनी चोळून ओल्या वाळूसारखं झालं पाहिजे. तुमच्या सासऱ्यांसाठी मला हेच सगळ्यात बरं वाटतं, कारण मिठाचा चमचा तुमच्या हातात राहतो, पाव टीस्पूनच्याही खाली आणता येतो, आणि अर्धा मैदा काढून गव्हाचं पीठ घालता येतं. बाजारातल्या कुठल्याच डब्यात, साध्या नाही की कमी फॅटच्या नाही, तुम्हाला मीठ काढून टाकता येत नाही.

एडिसनची_मावशी:

बेकरदादांचं वाचून आनंद झाला. एक सांगायचं राहिलं, गव्हाचं पीठ पॅनकेकला घाल, गुलाबजामला घालू नकोस. आणि हाफ अँड हाफ घेणार असशील तर एक चमचा तूप पिठात चोळून घे आधी, मग भिजव.

शार्लटची_नवखी:

तर आता असं ठरवलंय, पॉटलकला साधं बिस्क्विक, हाफ अँड हाफ आणि चमचाभर तूप, शनिवारी आधी अर्ध्या प्रमाणात करून बघणार. हार्ट स्मार्ट पॅनकेकला संपवणार आणि तो संपला की बेकरदादांचं घरचं मिक्स, पाव टीस्पून मिठाचं. सासऱ्यांना सोडियमची ओळ वाचून दाखवली तर ते म्हणाले लोणचं पण बंद करणार का, त्यावर आमची चर्चा चालू आहे. फक्त एवढंच सांगा, घरचं मिक्स किती दिवस टिकतं आणि फोडलेला डबा कुठे ठेवायचा?

डॅलसचा_बेकर:

तेलाचं मिक्स घट्ट झाकणाच्या बरणीत फ्रिजमधे महिनाभर बिनधास्त, बटरचं असेल तर थोडं आधी संपवा. बाहेर ओट्यावर नको, कमी फॅट असली तरी ती खवट व्हायची ती होतेच. फोडलेल्या डब्यातली पिशवी काढून मिक्स घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, कोरड्या जागी ठेवा, उन्हाळ्यात फ्रिजमधे. वापरायच्या आधी चिमूटभर हातावर घेऊन वास घ्या, जुन्या शेंगदाण्यासारखा आला तर टाकून द्या. आणि बेकिंग पावडर मेलीये का बघायला चमचाभर मिक्स गरम पाण्यात टाका, बुडबुडे आले तर चालू आहे. नाही आले तर त्याचे पॅनकेक चपटे होतील, पण भज्यांच्या पिठात चालून जाईल, मीठ बेताने.